हान्सा उपसागरातलं बी-२४: समुद्रात हरवलेल्या एका बॉम्बार्डियरचा माग

कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या दफनभूमीत केली कुटुंबाच्या जागेत एक दगड कित्येक वर्षं उभा होता. त्यावर थॉमस व्ही. केली ज्युनिअर हे नाव आणि एका बॉम्बफेकी विमानाचं कोरलेलं चित्र. ज्याचं नाव होतं, तो मात्र तिथे नव्हता. दुसऱ्या महायुद्धात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला असलेल्या न्यू गिनी बेटाच्या उत्तर किनाऱ्याजवळ त्याचं विमान समुद्रात पडलं, आणि त्यानंतर कित्येक दशकं त्याच्याबद्दल यापलीकडे काही हाती लागलं नव्हतं. २६ मे २०२५ रोजी त्याच दगडाशेजारी त्याचा दफनविधी झाला. त्या दिवशी अमेरिकेत मेमोरियल डे होता, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस.

या एक्याऐंशी वर्षांत कागद कुठे अडले, समुद्र कुठे आडवा आला आणि माग नेमका कशामुळे लागला, ते इथे टप्प्याटप्प्याने मांडलं आहे. समुद्रात बेपत्ता झालेल्या वैमानिकांची प्रकरणं बहुतेक वेळा तपासाच्या पहिल्याच पायरीवर थांबतात. हे शेवटपर्यंत गेलं, म्हणून त्यातला प्रत्येक टप्पा उघडून पाहता येतो.

विमान आणि शेवटची मोहीम

केली हा अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या ९० व्या बॉम्बफेकी गटातल्या ३२० व्या स्क्वाड्रनचा बॉम्बार्डियर, म्हणजे निशाणा धरून बॉम्ब सोडणारा अधिकारी. विमान बी-२४ डी लिबरेटर, आणि त्याला नाव दिलेलं होतं ‘हेवन कॅन वेट’. ११ मार्च १९४४ रोजी हान्सा उपसागराभोवतालच्या जपानी ठाण्यांवर बॉम्ब टाकायला अनेक विमानं निघाली, त्यांत हे एक होतं. विमानात अकरा जण होते.

न्यू गिनीतल्या मडांग आणि वेवाक यांच्या मधला हा उपसागर तेव्हा जपानी मालवाहू जहाजांचा नांगरतळ होता. त्यामुळे त्याच्या काठावर विमानवेधी तोफा दाटीने लावलेल्या होत्या. सोबतच्या विमानांतल्या माणसांनी जे पाहिलं ते असं: बॉम्बच्या कप्प्यातून ज्वाळा उसळल्या, आग शेपटीकडे पसरली, विमान एकदम झुकलं आणि समुद्रात कोसळलं. काही विमानं त्या जागेवर घिरट्या घालत राहिली. पाण्यावर जिवंत कुणी दिसलं नाही. कारण विमानवेधी तोफेचा मारा, असा निष्कर्ष निघाला.

आग याच जागी लागण्याला लिबरेटरच्या बांधणीत कारण आहे. पंख धडाच्या वरच्या बाजूला बसवलेले, इंधनाच्या मुख्य टाक्या पंखांच्या मधल्या भागात, आणि त्याच्या बरोबर खाली बॉम्बचा कप्पा. कप्प्याच्या मधून जेमतेम वीतभर रुंदीची एक पट्टी जायची. पुढच्या माणसाला मागे आणि मागच्याला पुढे जायचं तर हाच एक रस्ता. कप्प्यात आग लागली की विमान आतून दोन तुकड्यांत विभागलं जायचं: पुढे पायलट, सहपायलट, नॅव्हिगेटर, बॉम्बार्डियर आणि रेडिओ ऑपरेटर, मागे मधल्या आणि शेपटीतल्या मशीनगनवरचे लोक. नॅव्हिगेटर आणि बॉम्बार्डियर तर नाकाच्या अरुंद पोकळीत बसायचे. तिथून बाहेर पडायला रांगावं लागायचं.

पाण्यावर उतरण्याच्या बाबतीतही हे विमान वाईट होतं. बॉम्बच्या कप्प्याचे दरवाजे लाकडी शटरसारखे गुंडाळले जाणारे, पातळ पत्र्याचे. पाण्याचा तडाखा बसला की ते आत दबायचे आणि धड तिथेच मोडायचं. ‘हेवन कॅन वेट’ला तर पायलटने पाण्यावर उतरवलेलंच नव्हतं, ते जळत कोसळलं होतं. म्हणजे तळाशी अखंड विमान मिळण्याची आशा नव्हतीच. शोधायचं होतं ते तुकड्यांचं विखुरलेलं क्षेत्र.

लिबरेटर आपल्या लोकांना अगदी परकं नाही. युद्धानंतर कानपूरच्या तळावर टाकून दिलेली ही विमानं दुरुस्त करून भारतीय हवाई दलाने वापरली. पुण्याच्या लोहगाव तळावरून ती उडायची, आणि १९६८ मध्ये निवृत्त झाली.

पहिला शोध थांबला कुठे

अमेरिकी हवाई दलात १९४३ पासून प्रत्येक हरवलेल्या विमानामागे एक ठरावीक अहवाल भरला जायचा. स्क्वाड्रनने घटनेनंतर अठ्ठेचाळीस तासांत तो तयार करावा, असा नियम. विमानाचा क्रमांक, चारही इंजिनांचे क्रमांक, मशीनगनचे क्रमांक, हवामान, विमान शेवटचं कुठे दिसलं, कोणी पाहिलं, आणि प्रत्येक माणसाचं नाव, हुद्दा, विमानातलं काम, जवळच्या नातेवाइकाचा पत्ता. कित्येक वेळा सोबत हाताने काढलेला नकाशाही जोडलेला असायचा. सत्तर-ऐंशी वर्षांनी या कागदाची किंमत कळते: समुद्रात सापडलेल्या गंजलेल्या मशीनगनचा क्रमांक वाचता आला, तर विमान नेमकं कोणतं ते त्या एका आकड्यावरून ठरतं.

पण याच अहवालात ‘शेवटचं ठिकाण’ हा रकाना सगळ्यांत कच्चा असतो. लिहिणारा माणूस स्वतः मारा चुकवत उडत होता. त्याने पाहिलेली जागा तळावर परतल्यावर आठवणीने सांगितली, कारकुनाने अक्षांश-रेखांशात बसवली आणि जवळच्या मिनिटापर्यंत पूर्णांकात लिहिली. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे सुमारे १.८५ किलोमीटर. आकडा एका मिनिटाने इकडेतिकडे झाला तर जवळपास दोन किलोमीटरचा फरक, आणि तो चारही दिशांना शक्य. शिवाय त्या काळचे न्यू गिनीचे नकाशे आणि आजचे उपग्रहावर आधारलेले नकाशे यांचा आधारबिंदू वेगळा. तोच आकडा आजच्या नकाशावर टाकला तर जागा सरकते.

युद्ध संपल्यावर अमेरिकी लष्कराच्या कबर-नोंदणी विभागाने न्यू गिनीत जंगलं, किनारे, पडलेली विमानं धुंडाळली. तो शोध १९४८ च्या अखेरीस संपला. केली किंवा त्याच्या विमानाचा काही पत्ता लागला नाही. विभागाकडे खोल पाण्यात बघायचं साधनच नव्हतं. समुद्रात पडलेल्यांच्या बाबतीत त्यांचं काम किनाऱ्यावर वाहून आलेल्यांची, गावकऱ्यांनी पुरलेल्यांची चौकशी करणं एवढंच होऊ शकत होतं. अकराही जणांची नावं मनिलाच्या अमेरिकी युद्धस्मारकातल्या बेपत्तांच्या भिंतींवर कोरली गेली. त्या भिंतींवर छत्तीस हजारांहून जास्त नावं आहेत.

घरी राहिलेल्यांसाठी याचा अर्थ काय होता, हे याच विमानातल्या इतर तिघांकडे पाहिलं की समजतं. पायलट हर्बर्ट टेनिसन चोवीस वर्षांचा होता. त्याच्या पत्नीने पुन्हा लग्न केलं नाही. तो परत येईल हा तिचा विश्वास सुटला नाही आणि ती शहाण्णव वर्षं जगली. विमान सापडलं त्याच वर्षी, सापडण्याआधी, ती गेली. नॅव्हिगेटर डोनाल्ड शेपिक सव्वीस वर्षांचा, त्याच्या पत्नीला दिवस गेलेले होते. रेडिओ ऑपरेटर युजीन डॅरिगनही सव्वीसचाच. रजेवर घरी आला तेव्हा आपल्या तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला तो हजर राहू शकला, तीच त्यांची शेवटची भेट. मृत्यूचा दाखला आला तरी देह नाही, जागा नाही, तेव्हा घरात दोन पिढ्या त्या विषयावर बोलणंच बंद होतं. नावाचा दगड उभारणाऱ्यांनी आपल्या परीने ती चुप्पी मोडली होती, असं आम्हाला वाटतं.

कागदांतला शोध

२०१३ च्या मेमोरियल डेला केलीच्या एका नातेवाइकाने हा दगडावरचा माणूस नेमका कसा गेला हे शोधायला घेतलं. हळूहळू कुटुंबातले बाकीचे लोक जोडले गेले. आपण विमान शोधतो आहोत असं त्यांच्या मनात सुरुवातीला नव्हतं. त्यांना गोष्ट हवी होती. चार वर्षांत त्यांनी मोहिमेचे कागद, अधिकृत अहवाल आणि त्याच गटातल्या इतर वैमानिकांच्या रोजनिशा गोळा केल्या. या प्रकरणातला सगळ्यांत निर्णायक टप्पा आमच्या मते हाच आहे, सोनार (ध्वनिलहरींनी समुद्राचा तळ पाहणारं यंत्र) आणि पाणबुडे नंतरचे. म्हणून इथे जरा थांबू.

अशा शोधात लागणारे कागद एका जागी नसतात. हरवलेल्या विमानाचे अहवाल अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. स्क्वाड्रन आणि गटांचे मासिक इतिहास, मोहिमांचे अहवाल अलाबामातल्या मॅक्सवेल तळावरच्या हवाई दलाच्या इतिहास संस्थेत. प्रत्येक मृताची स्वतंत्र फाइल असते: शोधपथकांचे शेरे, दातांचा तक्ता, कुटुंबाशी झालेला पत्रव्यवहार, ‘सापडू शकत नाही’ असा शेवटचा निर्णय. ही फाइल नातेवाइकालाच मागता येते असं नाही, पण मागणाऱ्याला माणसाचा लष्करी क्रमांक ठाऊक हवा. नुसत्या नावावर मागितलं तर त्याच नावाचे दहा जण निघतात.

कागद हाती आल्यावरचं काम म्हणजे त्यांची आपसांत गाठ घालणं. एका मोहिमेवर वीस विमानं असतील तर त्यांतल्या प्रत्येकाने तोच प्रसंग वेगळ्या जागेवरून, वेगळ्या उंचीवरून पाहिलेला असतो. एक म्हणतो ‘उपसागराच्या तोंडाशी’, दुसरा म्हणतो ‘किनाऱ्यापासून दोन मैलांवर’. दोघंही बरोबर असू शकतात, फक्त त्यांचं विमान कुठल्या दिशेने चाललं होतं ते आधी काढावं लागतं. बॉम्ब टाकताना गट ठरलेल्या दिशेने सरळ रेषेत उडतो, त्यामुळे मोहिमेच्या आदेशातली ती दिशा आणि बॉम्ब टाकल्याची वेळ मिळाली की प्रत्येक साक्षीदाराला नकाशावर त्याच्या जागी बसवता येतं. मग त्यांच्या नजरेच्या रेषा जिथे एकमेकींना छेदतात तो भाग उरतो.

या कामात नेहमी घडणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एका कागदात स्थानिक वेळ आणि दुसऱ्यात ग्रीनिचची, हे न पाहता दोन्ही जुळवणं. समुद्री मैल आणि जमिनीचे मैल एकच धरणं. होकायंत्राची उत्तर आणि नकाशाची उत्तर यांतला फरक विसरणं. आणि सगळ्यांत घातक म्हणजे अधिकृत अहवालाच्या चार प्रती पाहून ‘चार पुरावे’ मिळाले असं समजणं, जेव्हा चारही एकाच माणसाच्या एकाच वाक्यावरून नकलून काढलेल्या असतात. रोजनिशीचं मोल इथे आहे. ती त्याच संध्याकाळी, वरिष्ठाला दाखवायची नाही म्हणून लिहिलेली असते. तिच्यात आकडे नसतात, पण अहवालापासून स्वतंत्र अशी नजर असते.

तळाचा शोध

कुटुंबाचा हा अभ्यास प्रोजेक्ट रिकव्हर या संस्थेपर्यंत पोचला. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्था आणि डेलावेअर विद्यापीठ यांतले शास्त्रज्ञ त्यात आहेत, आणि बेपत्ता सैनिकांची पाण्यातली विमानं शोधणं हेच तिचं काम. ऑक्टोबर २०१७ मध्ये पथकाने अकरा दिवसांत हान्सा उपसागराच्या तळाचा सुमारे सत्तावीस चौरस किलोमीटर भाग धुंडाळला आणि सुमारे ६५ मीटर खोलीवर विमानाच्या तुकड्यांचं क्षेत्र सापडलं.

पद्धत अशी असते. टॉर्पेडोच्या आकाराचं स्वयंचलित यंत्र तळापासून काही मीटर वर, शेत नांगरल्यासारखं, समांतर ओळींत पुढेमागे फिरतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी ध्वनिलहरी तिरक्या सुटतात. तळावर काही उंच असेल तर त्याच्यामागे ध्वनीची सावली पडते, आणि जाणकार चित्रापेक्षा सावली जास्त वाचतो: प्रोपेलरच्या पात्याची सावली ओळखता येते, खडकाची वेडीवाकडी असते. लगतच्या पट्ट्या एकमेकींवर चढलेल्या ठेवाव्या लागतात, कारण यंत्राच्या अगदी पोटाखाली एक आंधळी रेघ राहते.

चुंबकीय मोजणीचा विमानांच्या बाबतीत फारसा भरवसा धरता येत नाही. लिबरेटरचा सांगाडा ॲल्युमिनियमचा. खूण देतात ती फक्त इंजिनांचे पोलादी भाग, मशीनगन आणि चाकांचे दांडे. हान्सा उपसागरात तर जपानी जहाजांचं लोखंड तळाला जागोजाग आहे. वर रामू नदीचं मुख जवळ, म्हणजे गाळाची ये-जा, आणि समोर मानम बेटावरचा जागता ज्वालामुखी. सोनारवर संशयास्पद ठिपका दिसला की दूरनियंत्रित यंत्र कॅमेरा घेऊन खाली जातं, आणि निर्णय डोळ्यांनी पाहूनच होतो. सापडलेली जागा जाहीर करताना नेमके आकडे गुप्त ठेवतात, कारण स्मृतिवस्तू उचलून विकणारे लोक आजही आहेत.

सापडल्यापासून वर काढेपर्यंत साडेपाच वर्षं

विमान सापडलं म्हणजे माणूस सापडला, असं नाही. अमेरिकेत हे पुढचं काम संरक्षण खात्याच्या युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिक शोध संस्थेकडे असतं. दुसऱ्या महायुद्धातले सुमारे बहात्तर हजार अमेरिकी सैनिक अजून बेहिशेबी आहेत, आणि सगळ्या युद्धांतल्या बेपत्तांपैकी एक्केचाळीस हजारांहून जास्त समुद्रात गेल्याचं संस्था मानते. कोणत्या जागेवर खर्च करायचा, हा रोजचा अवघड निवाडा आहे.

इथे अडचण होती ६५ मीटरची. या खोलीवर दाब पृष्ठभागाच्या साडेसातपट असतो. साधी हवा श्वासात घेतली तर नायट्रोजनने डोकं बधिर होतं, आणि त्याच हवेतला ऑक्सिजन इतक्या दाबाखाली फेफरं आणण्याच्या मर्यादेवर पोचतो. अमेरिकी नौदल वरून नळीने हवा देऊन करायच्या डुबकीला साधारण ५८ मीटरची सीमा धरतं. हेलियम मिसळलेली हवा देऊन खाली पाठवलं तरी तळाशी अर्धा तास काम केल्यावर वर यायला कित्येक तास. हाडं शोधण्याचं काम अर्ध्या तासाच्या तुकड्यांत होत नाही. प्रत्येक पाणबुड्याला पुन्हा तीच जागा, तोच चौकोन, तोच थर शोधावा लागतो.

म्हणून मार्च आणि एप्रिल २०२३ मध्ये सॅच्युरेशन डायव्हिंग वापरलं गेलं. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांनी जहाजाच्या डेकवर बसवलेल्या दाबबंद खोलीत मुक्काम केला, तळाच्या दाबाशी मिळत्या दाबात. शरीरात जेवढा हेलियम मुरायचा तेवढा एकदा मुरला की त्यानंतर तळाशी एक तास राहा किंवा सहा, वर येण्याचा वेळ वाढत नाही. कामाला जायचं ते डायव्हिंग बेलमधून, म्हणजे माणसं खाली नेणाऱ्या दाबबंद पेटीतून. ती खाली सोडायची, काम झालं की वर आणून पुन्हा खोलीला जोडायची. दाब उतरवायचा तो शेवटी एकदाच, आणि एवढ्या खोल पाण्यासाठी त्याला तीन दिवसांहून जास्त लागतात. एवढं सगळं साहित्य, हेलियमचा साठा, जागेवर खिळून राहू शकणारं जहाज, आणि जवळ मोठं बंदर नाही. संस्थेने तोवर केलेली ही सर्वांत खोल पाण्यातली मोहीम. पाच आठवडे ती चालली.

तळावरचं काम पुरातत्त्वाच्या शिस्तीने चालतं. आधी सगळ्या तुकड्यांचा नकाशा करायचा आणि विमानाचं नाक कोणतं, पंख कोणता, हे ठरवायचं, कारण माणसं कुठे बसली होती ते अहवालात आहे. मग दोऱ्यांनी चौकोन आखून एका वेळी एकाच चौकोनातला गाळ उपसायचा. गाळ टोपल्यांत भरून जहाजावर येतो आणि तिथे पाव इंची जाळीतून धुऊन चाळला जातो. प्रत्येक टोपलीला चौकोनाचा क्रमांक. हा क्रमांक चुकला तर हाड मिळतं पण ते कुठल्या जागेवरचं हे सुटतं, आणि अकरा जण एकाच विमानात असताना जागा हा पुराव्याचा अर्धा भाग असतो. न फुटलेले बॉम्ब आणि दारूगोळा हा धोका तर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत.

या मोहिमेत अस्थी मिळाल्या, आणि ओळखबिल्लेही मिळाले. बिल्ला सापडला म्हणजे त्या शेजारचं हाड त्याच माणसाचं, असं प्रयोगशाळा कधीच धरत नाही. पाण्यातल्या स्फोटात आणि नंतरच्या ऐंशी वर्षांत वस्तू हलतात. बिल्ला दिशा दाखवतो, निकाल देत नाही.

ओळख पटवणं

केलीची ओळख दातांच्या आणि हाडांच्या तपासणीवरून, सोबतच्या वस्तू आणि परिस्थितीच्या पुराव्यावरून आणि डीएनएवरून पक्की झाली. डीएनएचं काम लष्करी वैद्यकीय तपासणी यंत्रणेच्या डेलावेअरमधल्या प्रयोगशाळेत होतं.

समुद्रात राहिलेल्या हाडातला पेशीकेंद्राचा डीएनए फार तुटलेला असतो, म्हणून मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए आधी पाहतात. एका पेशीत त्याच्या शेकडो प्रती असल्याने काही ना काही उरतो. तो फक्त आईकडून येतो. तेव्हा ताडून पाहायला भाऊ-बहीण चालतात, बहिणीची मुलं चालतात, बहिणीच्या मुलीची मुलं चालतात. मेलेल्या माणसाची स्वतःची मुलं मात्र चालत नाहीत. वडिलांच्या बाजूची खूण वाय गुणसूत्रावर असते आणि त्यासाठी पुरुषाकडून पुरुषाकडे आलेला सलग वंश लागतो. नमुना म्हणजे गालाच्या आतून फिरवलेला कापूस, इतकंच. कुटुंबं पुष्कळदा चुकीच्या माणसाचा नमुना पुढे करतात, उत्साहाने, आणि मग प्रकरण दोन वर्षं मागे जातं. वंशावळ आधी, कापूस नंतर.

२०२४ मध्ये चौघांची ओळख पटल्याचं जाहीर झालं: केली, टेनिसन, शेपिक आणि डॅरिगन. चौघांच्याही ठरलेल्या जागा बॉम्बच्या कप्प्याच्या पुढे होत्या. साक्षीदारांनी १९४४ मध्ये सांगितलेली आग कप्प्यातून मागे, शेपटीकडे गेली होती. आम्हाला या दोन गोष्टी एकमेकींशी जुळणाऱ्या वाटतात, पण त्यातून मागच्या माणसांबद्दल ठाम काही म्हणणं चूक ठरेल. जळत्या विमानात माणसं आपल्या जागा सोडतात.

दफन आणि भिंतीवरची खूण

ओळख पटली की लष्कराचा अधिकारी कुटुंबाला प्रत्यक्ष भेटून पूर्ण अहवाल समजावतो: काय सापडलं, कुठे, कोणत्या चाचणीने काय सिद्ध झालं. दफन कुठे करायचं हे कुटुंब ठरवतं, खर्च सरकारचा. २४ मे २०२५ ला डॅरिगनला न्यू यॉर्क राज्यातल्या वॉपिंगर्स फॉल्समध्ये लष्करी मानाने पुरण्यात आलं, दोन दिवसांनी केलीला लिव्हरमोरमध्ये. टेनिसनचा विधी कॅन्ससमधल्या विचिटात.

मनिलाच्या भिंतीवरचं नाव मात्र पुसत नाहीत. नावाशेजारी कांस्याचं एक लहान फूल बसवतात. ज्याच्या नावापुढे फूल, तो सापडला. हा रिवाज आम्हाला अतिशय योग्य वाटतो. तो माणूस इतकी वर्षं बेपत्ता होता ही गोष्टही त्याच्या इतिहासातलीच, ती खोडून टाकायचं कारण नाही. उरलेल्या सात जणांची नावं २०२५ मध्ये त्याच भिंतीवर फुलाविना होती. जागेवर दुसरी मोहीम न्यायची का, हे संस्था तपासत होती.

आपल्याकडच्या नावांसाठी

ब्रिटिश राष्ट्रकुलाची पद्धत वेगळी आहे. तिकडे सरकार बेपत्ता माणसाला स्वतःहून शोधायला निघत नाही. अवशेष कुणाला सापडले तर ओळखीचं काम करतं. म्हणून त्या सैन्यात, आरमारात, व्यापारी जहाजांवर गेलेल्या आपल्या लोकांच्या बाबतीत स्मरणाचा सगळा भार नोंदींवर आहे.

हान्सा उपसागराच्या शेजारच्या वेवाकला १९४३ मध्ये जपान्यांनी सुमारे तीन हजार भारतीय युद्धकैदी मजुरीला नेले. त्यांतले फार थोडे परत आले. ज्यांना कबर नाही अशा भूदल आणि हवाई दलाच्या माणसांची नावं सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर आहेत, चोवीस हजारांहून अधिक. दक्षिण आणि पूर्व आशियाच्या आकाशात आणि भोवतालच्या समुद्रांवर हरवलेले वैमानिकही तिथेच. समुद्रात गेलेले भारतीय खलाशी वेगळ्या जागी आहेत: रॉयल इंडियन नेव्हीचे चारशेहून अधिक आणि व्यापारी जहाजांवरचे जवळपास सहा हजार. त्यांची नोंदवही मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सीमेन्स होममध्ये आणि तशीच दुसरी चितगावला. किनारपट्टीवरच्या घरांतून ‘आजोबा बोटीवर गेले ते आलेच नाहीत’ एवढंच ठाऊक असतं. त्यांनी बघायची पहिली जागा ही वही.

राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधताना आडनावाच्या भरवशावर राहू नये. तेव्हाच्या कारकुनांनी नाव इंग्रजीत कानाला लागेल तसं लिहिलं. बऱ्याच नोंदींत आडनावच नाही, नुसतं नाव आणि वडिलांचं नाव. कधी गाव आणि तालुका दिलेला असतो, पण जुन्या जिल्ह्याप्रमाणे: आजचा सिंधुदुर्ग तेव्हा रत्नागिरीत आणि सावंतवाडी संस्थानात, रायगड म्हणजे कुलाबा. त्यामुळे आधी जहाजाचं किंवा पलटणीचं नाव आणि गेल्याची तारीख धरून यादी काढावी, मग त्या यादीतलं प्रत्येक नाव मोठ्याने वाचावं. घरात जुनं पेन्शनचं पुस्तक, पदकाच्या कडेवर कोरलेला क्रमांक, मनीऑर्डरची पावती असेल तर त्यावरचा क्रमांक सगळ्यात आधी उतरवून घ्यावा. नोंदीत चूक आढळली तर आयोगाकडे पुराव्याच्या प्रती जोडून दुरुस्तीचा अर्ज करता येतो. आणि घरातल्या सगळ्यांत वयस्कर माणसाकडून आईच्या बाजूची वंशावळ आजच लिहून घ्यावी, ती मिळण्याचं दुसरं ठिकाण नाही.